दंडावरचा रुपया

शर्यतीचा ड्रायव्हर येणार, शर्यतीचा ड्रायव्हर येणार, असा आठ दिवस गाजावाजा झाला आणि प्रत्यक्ष माणूस आला तो ताशी पंधरा मैलांनी.

ही १९६४ सालची गोष्ट. तेल शोधणाऱ्या एका कंपनीचं गॅरेज तेव्हा दुबईत देऱ्याला, खाडीच्या अंगाला होतं. तिथून गाड्या आत वाळवंटातल्या कँपला पाणी, पीठ आणि डिझेल घेऊन जायच्या. गावाबाहेर पडलं की रस्ता संपायचा. अल क्वोजच्या बाजूला तर नुसती वाळू, बाभळीसारखी चार काटेरी झाडं आणि उंट. अशा ठिकाणी ब्राझीलचा एक गव्हाळ, तीस-बत्तीस वर्षांचा माणूस ड्रायव्हर म्हणून आला. नाव तेओदोरो. एवढं लांब नाव घ्यायला गॅरेजात कुणाला सवड नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो तेओ झाला.

अलीमियाँ हा त्या गॅरेजातला फिटर. मूळचा बाणकोटचा. दुबईला येण्याआधी वीस वर्षं त्यानं बोटींवर तेलवाला म्हणून काढली होती. तेलवाल्याचं काम म्हणजे चालत्या इंजिनाला तेल पाजायचं आणि बेअरिंग तापतंय का ते हात लावून बघायचं. इंजिन थांबवून नव्हे, चालू असताना. त्या वीस वर्षांत दर्यानं त्याला बरंच दिलं आणि कान तेवढे काढून घेतले. डाव्या कानानं ठार बहिरा आणि उजव्यानं सोयीप्रमाणे, असं त्याची बायको हमीदा म्हणायची.

तर हा तेओ. गाडी बाहेर काढण्याआधी खाली उतरायचा, पाना घ्यायचा आणि चारही चाकांचे नट एकेक करून आवळायचा. मग गाडीत बसायचा. मग पुन्हा उतरायचा, पुन्हा आवळायचा. असं तीनदा. त्यानंतर गाडी निघायची ती मयतीमागून चालल्यासारखी.

अलीमियाँच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या हातानं आवळलेले नट हा परत आवळतो?" तो घरी येऊन हमीदाला म्हणाला. "उद्या म्हणेल, चाचा, तुमचा निकाहपण परत लावून बघू, ढिला झाला असेल!"

"मग लावू द्या की," हमीदा म्हणाली. "या खेपेला मेहेर जास्त मागेन."

हमीदा गेल्याच वर्षी गावाहून आली होती. पोरं झाली नाहीत आणि नवरा परत येण्याचं नाव घेईना, तेव्हा तिनंच ट्रंक उचलली आणि मुंबईहून बोट पकडली. दोन खोल्यांचं घर, अंगणात पाण्याचं पिंप आणि शेजारच्या खोलीत अलीमियाँचा भाचा मुश्ताक. तो कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होता आणि घरात इंग्रजी वाचणारा तेवढा तोच.

भांडण व्हायचं ते झालं नाही, उलटंच झालं. तेओनं एकदा गाडीखालून हात बाहेर काढून "चावी" मागितली. अलीमियाँनं गाडीची किल्ली दिली. तेओनं मान हलवली आणि पान्याकडे बोट दाखवलं. त्याच्या पोर्तुगीज भाषेत किल्लीही चावी आणि पानाही चावी. मग दोघं गंमत म्हणून मोजत बसले. बटाटा निघाला, पाव निघाला, साबण निघाला, बादली निघाली, पगारसुद्धा निघाला. अलीमियाँला इतका आनंद झाला की घरी जाऊन त्यानं जाहीर केलं, "तो आपलाच आहे गं. अर्धं कोकणी बोलतो."

बाकीचं बोलणं चालायचं ते बोटीवरच्या मोडक्या इंग्रजीत आणि तेओनं गॅरेजात उचललेल्या हिंदीत. तेवढ्या भांडवलावर तेओची सगळी कहाणी अलीमियाँला कळली. तेओचा बाप कॉफीच्या गोणी ट्रकनं सांतोसच्या बंदराला न्यायचा.

"सांतोस?" अलीमियाँ उडालाच. "मी अकरा दिवस पडलो होतो सांतोसला! माल उचलायची विंच तुटली होती बोटीची. तुझ्या बापाच्या गोणी मीच बघितल्या असतील!"

पोरानं बापाच्या ट्रकवर गाडी शिकली आणि शेजारचा नेल्सन नावाचा पोरगा पाने उचलायला शिकला. दोघांनी मिळून भंगारातून एक गाडी बांधली, गावच्या शर्यती जिंकल्या आणि एकसष्ट साली दोघं मिळून इटलीला गेले. तिथल्या लहान गाड्यांच्या शर्यतींत तेओ एकदा दुसरा आला, दोनदा तिसरा आला. पेपरात नाव छापून आलं. एका मोठ्या संघाच्या मालकानं जेवायला बोलावलं. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, जिच्यावर सगळं ठरणार होतं त्या शर्यतीच्या आधी, पुढचं डावं चाक बसवताना नेल्सन म्हणाला, एक मिनिट दे. तेओ म्हणाला, पुरे झालं, सोड. तिसऱ्या फेरीत ते चाक निखळलं आणि भिंतीवरून उडी मारून नेमकं नेल्सनच्या गुडघ्यावर गेलं.

"फिर?" अलीमियाँनं विचारलं.

"फिर मैं भाग गया, चाचा," तेओ म्हणाला. हॉस्पिटलात तो एकदाही गेला नाही. नेल्सननं निरोप पाठवला होता की तुझी चूक नाही. त्या निरोपाच्या भीतीनंच तो जिथं ही गोष्ट कुणाला माहीत नसेल अशा जागी आला होता.

त्या दिवसापासून नट तीनदा आवळले काय आणि तीसदा आवळले काय, अलीमियाँनं तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःच पाना पुसून त्याच्या हातात द्यायचा.

पुढच्या वर्षी नवा फोरमन आला, गोरा आणि घाईचा. अलीमियाँला दोनदा हाक मारून ऐकू गेली नाही, तेव्हा त्यानं जाहीर केलं की असला बहिरा माणूस गॅरेजात नको, पुढच्या बोटीनं घरी पाठवा. अलीमियाँचा जीव टांगणीला लागला. गावी परत जायचं तर कोणत्या कामासाठी? शेत नाही, होडी नाही आणि हातात एवढीच एक विद्या.

तीन दिवसांनी तेओ कँपला निघाला होता. अलीमियाँ सवयीनं गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याला त्यानं हाताची पाठ लावली. "मत ले जा," तो म्हणाला. फोरमननं कान लावला, गाडी थोडी पुढेमागे केली आणि म्हणाला काही नाही, यल्ला, निघा. तेओ गाडीतून उतरला. त्यानं किल्ली फोरमनच्या हातात ठेवली आणि सांगितलं, चाचाचा हात नाही म्हणतोय तर मी नेत नाही, मलाही घरी पाठवा. चाक खोललं. आतलं बेअरिंग दुभंगलेलं होतं. वाळवंटात चाळीस मैल आत गेल्यावर ते अडकलं असतं, तर शोधायला कोण जाणार होतं?

फोरमन वाईट माणूस नव्हता. त्यानं अलीमियाँच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि बोटीचा विषय खलास झाला. अलीमियाँ त्या रात्री जेवताना नुसता भात कालवत बसला. "माझी रोटी त्यानं राखली," तो हमीदाला म्हणाला. "नऊ हजार मैलांवरचा माणूस. ना जातीचा ना गावचा."

"मग त्याच्यासाठी काहीतरी करा," हमीदा म्हणाली.

काय करायचं हे अलीमियाँला एकच ठाऊक होतं. गॅरेजामागच्या विहिरीवर पंपाचं एक जुनं इंजिन होतं, उघड्या क्रँकचं. क्रँक गरगर फिरायचा आणि त्याच्या टोकाचं बेअरिंग हातभर उंच जाऊन खाली यायचं. अलीमियाँनं तेओला तिथं उभं केलं. चालू इंजिनात हात घातला, फिरत्या बेअरिंगला क्षणभर बोटं टेकवली आणि हात बाहेर काढला. जसा काही पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"अब तू."

तेओ पांढराफटक पडला. पहिल्या दिवशी त्यानं हात खिशातून काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी काढला आणि मागे घेतला.

"तू डोळ्यांनी बघत बसतोस," अलीमियाँ म्हणाला. "बघत बसलास तर हात तुटेल. मोज. एक-दो, एक-दो. तो खाली येतो तेव्हा तू त्याच्याबरोबर खाली जा. पहिल्या वेळी मला बोटीवरच्या मुकादमानं, सारंगानं, कानाखाली वाजवून शिकवलं. तू साहेब आहेस म्हणून तोंडानं सांगतोय."

पाचव्या दिवशी तेओचा हात गेला, टेकला आणि परत आला. त्यानं तळहाताकडे बघितलं, मग खाली बसला आणि रडला. अलीमियाँनं इंजिन बंद केलं नाही. चालू इंजिनाच्या आवाजात माणसाला मोकळेपणी रडता येतं, हे त्याला बोटीवरून माहीत होतं.

सहासष्टच्या सुरुवातीला इटलीहून पत्र आलं. जेवायला बोलावणारा तो जुना मालक आता लहानसा संघ चालवत होता. एक गाडी मोकळी होती, येतोस का? तेओनं पत्र आठ दिवस लपवलं. नवव्या दिवशी चाचाला दाखवलं. अलीमियाँला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद धरलेला हात कापत नव्हता एवढं त्यानं बघितलं.

"जा," तो म्हणाला.

निघण्याच्या दिवशी हमीदानं त्याला घरी बोलावलं. सांदणं केली होती, माशाचं कालवण होतं. जेवण झाल्यावर तिनं ट्रंकेतून एक जुना चांदीचा रुपया काढला. राजाछाप, तिच्या आईनं दिलेला. हिरव्या कापडात तो गुंडाळून ती तेओच्या उजव्या दंडावर बांधायला लागली. आपल्याकडे लांब निघालेल्या माणसाला असा इमाम-जामिन बांधतात. त्याला वाटेभर सांभाळ म्हणून ती अल्लाकडे दिलेली ठेव. माणूस सुखरूप पोचला की कापड सोडायचं आणि आतलं नाणं एखाद्या गरजूला द्यायचं. दिलं नाही तर प्रवास अर्धाच राहिला असं समजायचं.

हे सगळं ब्राझीलच्या माणसाला सांगणार कसं? हमीदानं हातवाऱ्यांनी सांगितलं. दोन बोटं चालवून दाखवली, मग विमान उडवलं, मग उतरवलं. मग मुश्ताकला भिंतीपाशी भिकारी करून बसवलं, कापड सोडलं आणि रुपया त्याच्या ओंजळीत टाकला. कंपनीचा क्लार्क लाजून लाल झाला. तेओ हसला, "सिं, चाची, सिं," असं आपल्या भाषेत हो-हो म्हणाला. मग तिनं मुश्ताककडून रुपया परत घेतला आणि नीट गाठ मारली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. विमानतळावर मात्र तेओ उगाच त्या गाठीशी चाळा करायला लागला. अलीमियाँला म्हणायचं होतं की पोचेपर्यंत सोडू नको रे. पण शब्द तेवढे निघाले नाहीत. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज लागला आणि तो ओरडला, "खोलना मत! बिलकुल खोलना मत!"

तेओनं मान डोलावली आणि तो गेला.

दोन वर्षं गेली. चलन बदललं, रुपये जाऊन रियाल आले, खाडीच्या कडेला नव्या इमारती उठल्या. तेओची दोन कार्डं आली, बरा आहे, शर्यती करतोय एवढीच. अडुसष्टच्या एप्रिलमध्ये फोरमननं मुश्ताकला गाड्यांचं एक मासिक दिलं. त्यात तेओचा फोटो होता. बुटक्या गाडीत बसलेला, हातमोजे घातलेला, कुठल्याशा शर्यतीत पहिला आलेला. अलीमियाँ ते मासिक सगळ्या गल्लीला दाखवत घरी आला.

हमीदानं फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, हा दंडावर काय आहे?"

उजव्या बाहीवर तेलकट कापडाची पट्टी होती. मधे गोल फुगवटा.

"यानं सोडलाच नाही! दोन वर्षं झाली! या अल्ला, पोराला नाणं द्यायचं कळलंच नाही. ठेव तशीच अंगावर घेऊन हा शर्यती करतोय!" तिनं मासिक मिटलं. "मी सगळं नीट समजावलं होतं. तुम्ही काय सांगितलंत त्याला विमानतळावर?"

अलीमियाँचा चांगला कानही त्या क्षणी बहिरा झाला. पण हमीदानं तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगावं लागलं.

तिनं मुश्ताकला बसवून इंग्रजीत पत्र लिहायला लावलं. कापड सोड, नाणं दे, अमुक असं असतं. पाकीट चिकटवलं, इटलीचा पत्ता टाकला आणि टपालात टाकायला अलीमियाँकडे दिलं.

अलीमियाँ पोस्टापर्यंत गेला. दारात उभा राहिला. आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. नट तीनदा आवळणारा माणूस हा. आता शर्यती जिंकतोय तो कशाच्या जोरावर? कदाचित त्या दंडावरच्या रुपयाच्या जोरावर. हे पत्र वाचून त्यानं कापड सोडलं आणि पुन्हा ती भीती शिरली तर? भरधाव गाडीत हात थरथरला तर? आणि न सोडावं तर हमीदा म्हणते तसं प्रवास अधांतरी. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यानं पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं आणि घरी येऊन टाकलं म्हणून सांगितलं. उद्या ठरवू, असं रोज म्हणत चार महिने गेले. पाकिटाचे कोपरे घामानं मऊ झाले.

सप्टेंबरात मुश्ताक स्टोअरमधून धावतच आला. हातात इंग्रजी पेपर. शर्यतीत अपघात, ब्राझीलचा ड्रायव्हर गंभीर, हॉस्पिटलात. चार ओळी होत्या, त्यापुढे काही नव्हतं.

"पत्र पोचलं नसेल हो त्याला," हमीदा म्हणाली. "पोचलं असतं तर त्यानं सोडलं असतं."

पत्र अलीमियाँच्या छातीवरच होतं. मुश्ताकनं संघाला पत्र लिहिलं, मग तार केली. उत्तर नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. अलीमियाँ गॅरेजात बेअरिंगला हात लावायचा आणि ते गरम की थंड हेच त्याला कळायचं नाही. नमाजाला उभा राहिला की एकच मागायचा, तो जिवंत असू दे, मग मी हमीदाला सगळं सांगेन. आणि जिवंत नसेल तर काय सांगायचं, तिथं त्याची दुआ अडकायची. ज्यानं आपली रोटी राखली त्याला आपण दोनदा बुडवलं, एकदा तोंड उघडून आणि एकदा मिटून, हा हिशेब त्याला झोपू देईना.

एकोणसत्तरच्या जानेवारीत, शुक्रवारी, नमाजानंतर हमीदा भाकऱ्या थापत होती आणि अलीमियाँ अंगणात पिंपापाशी बसला होता. दारात टॅक्सी थांबली. आधी एक काठी बाहेर आली, मग तेओ.

केस पांढरे व्हायला लागलेले, हनुवटीवर व्रण, पण तोच. "चाचा," तो म्हणाला, "चावी है क्या?"

हमीदा पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं ना सलाम केला ना खुशाली विचारली. सरळ त्याचा उजवा दंड धरला आणि चाचपला. दंड मोकळा होता.

"सोडलास?" ती म्हणाली. "कधी सोडलास?"

पण तेओनं उत्तर देण्याआधी अलीमियाँनं खिशातून ते पाकीट काढलं आणि दोघांच्या मधे धरलं. "टाकलं नाही मी," तो म्हणाला. "एप्रिलपासून इथंच आहे. मला वाटलं, कापड सोडलं तर हा घाबरेल. माझ्यामुळे पडला हा. मी म्हणालो होतो सोडू नको. माफ कर रे."

हमीदा बघत राहिली. तेओला काही कळेना. मुश्ताकला शेजारून बोलावलं, त्यानं पत्र फोडलं आणि वाचून हिंदीत सांगितलं. तेओ पिंपाच्या कट्ट्यावर बसला, हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"चाचा, मला कळलं होतं," तो म्हणाला. "चाचीनं सांगितलं तेच कळलं होतं. तुम्ही ओरडलात ते मी ऐकलंच नाही. विमानाचा आवाज होता."

"मग फोटोत काय होतं?" हमीदानं विचारलं.

"ते दुसरं," तेओ म्हणाला. प्रत्येक शर्यतीआधी तो स्वतःच एक नाणं कापडात बांधायचा. शर्यत म्हणजे निघणंच की. संपली की पोचलो, म्हणून सोडायचा आणि ट्रॅकबाहेर जो भेटेल त्याला द्यायचा. तेवीस शर्यती, तेवीस नाणी. एक फुलं विकणाऱ्या म्हातारीला, एक कुणा आंधळ्या वाजंत्र्याला. शेवटचं हॉस्पिटलातल्या झाडूवाल्याला. "पोचलो होतो ना, चाची. हॉस्पिटलात का होईना, पोचलो होतो."

"आणि माझा राजाछाप?"

तेओनं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मी मिलानोला उतरलो," तो म्हणाला. "चाचीनं सांगितलं होतं, पोचलास की गरज असेल त्याला दे. स्टेशनवर भिकारी होते, त्यांना देणार होतो. मग वाटलं, नको. नेल्सन तिथंच राहत होता, तिसऱ्या मजल्यावर. एका पायानं वर-खाली करायचा. मी तीन वर्षं त्याच्या दारात गेलो नव्हतो. काय तोंड घेऊन जाऊ? त्या दिवशी हातात रुपया होता, म्हणून गेलो. द्यायला काही नसतं तर मी जिन्यावरूनच परत फिरलो असतो. त्यानं दार उघडलं. मी रुपया पुढे केला. त्यानं राजाचं टक्कल बघितलं आणि विचारलं, हे केवढ्याचं आहे? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मग आत ये."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी हमीदा हलली नाही.

"त्यानंतरची सगळी चाकं नेल्सननं बसवली," तेओ म्हणाला. "मी परत आवळली नाहीत. एकदाही नाही. पडलो तो पावसानं पडलो, चाकानं नाही. आता शर्यती बस. दोघं मिळून घरी चाललोय, गॅरेज टाकणार. तो रुपया त्यानं पेटीत ठेवलाय, पान्यांबरोबर."

"खर्चला नाही?" हमीदा एकदम भानावर आली. "अरे, सदका म्हणजे दान, ते खर्चायचं असतं! सांग त्याला!" आणि मग तिनं पदरात तोंड लपवलं.

"घरी चाललास तर इकडे कसा?" अलीमियाँनं विचारलं.

"वाटेत," तेओ म्हणाला.

इटलीहून ब्राझीलच्या वाटेत दुबई येत नाही, हे वीस वर्षं दर्या तुडवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. अलीमियाँनं तेओचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. कित्येक महिन्यांनी त्याला हाताची ऊब नीट कळत होती.

चार दिवस तेओ राहिला. पाचव्या दिवशी हमीदानं अर्ध्या रियालचं नाणं हिरव्या कापडात बांधलं. राजाछाप आता कुठला? मुश्ताक भिकारी व्हायला आपण होऊन भिंतीपाशी जाऊन बसला, पण या खेपेला गरज पडली नाही. अलीमियाँ पुढे आला, तेओच्या उजव्या कानाशी वाकला आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "पहुँच के खोलना. फिर दे देना."

"इन्शाल्ला, चाचा."

विमानतळावर न्यायला कंपनीची गाडी होती, अलीमियाँनं स्वतः तयार केलेली. तेओ काठी टेकत आला, दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसला. नटांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. अलीमियाँ स्टिअरिंगपाशी बसला, किल्ली फिरवली, मग बंद केली. खाली उतरला, पाना घेतला आणि चारही चाकांभोवती फिरून एकेक नट पुन्हा आवळून आला.

"अहो, यल्ला!" हमीदा दारातून ओरडली. "विमान सुटेल त्याचं!"

अलीमियाँनं ऐकलं. तरी तो आणखी एकदा फिरून आला.